डब्याची गिटार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मला भाषण कुठले येणार?" त्या म्हणाल्या, "भाषण नकोच. दुपारी गॅलरीत बसून आम्हाला सांगता, तसे सांगा." तेव्हा आता जे सांगणार आहे ते गॅलरीतलेच आहे असे समजा आणि कुठे चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

या टेबलावर जी वस्तू ठेवली आहे तिला आमच्या घरात प्रत्येकाने निराळे नाव दिले आहे. मुलगा गिटार म्हणतो, सासूबाई तुणतुणे म्हणतात, आणि आमचे हे नुसते 'डबा' म्हणतात. तिघांचेही खरे आहे. मागच्या दिवाळीला ह्यांना कारखान्यातून सुक्या मेव्याचा एक लाकडी डबा मिळाला. अकरा इंच लांब, आठ इंच रुंद, अडीच इंच खोल. काजू-बदाम चार दिवसांत संपले. ह्यांचा विचार होता त्यात खिळे-मोळे ठेवायचा. पण मी झाकणावर बोटाने टिचकी मारून पाहिली आणि डबा असा काही बोलला की तो खिळ्यांना द्यायला माझे मन होईना.

माझे वडील सुतारकाम करीत. त्यांची करवत, पटाशी आणि हाताने फिरवायचे गिरमिट माझ्याकडे आहे. शाळा सातवीत सुटली, पण लाकूड कसे कापावे, कुठे तासावे, हे त्यांच्याजवळ बसून पाहिलेले होते. त्याचा उपयोग पुढे कधी होईल असे वाटले नव्हते. इथे झाला.

करायची रीत अगदी सोपी आहे. मोडक्या खाटेची तीन फुटी सागवानी पट्टी घेतली. डब्याच्या दोन्ही आखूड बाजूंना खाचा पाडल्या आणि पट्टी आरपार बसवली. झाकणाखाली येणारा पट्टीचा भाग पाव इंच तासून काढला, कारण पट्टी झाकणाला चिकटली तर झाकण थरथरत नाही, आणि झाकण थरथरले नाही तर आवाज निघत नाही. झाकणाला एक भोक पाडून त्यावर बेसिनची लहान जाळी बसवली. ती केवळ शोभेला, बरे का! वरच्या टोकाला तीन खुंट्या. तारा मुलुंडच्या वाद्यांच्या दुकानातून आणल्या. गिटारच्या सहा तारांची जुडी मिळते, त्यातल्या मधल्या तीन घेतल्या, म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी. तारा ज्यावर टेकतात त्या दोन्ही ठिकाणी, म्हणजे वर पट्टीवर आणि खाली झाकणावर, एकेक लोखंडी बोल्ट ठेवला. खुंट्या आणि तारा एवढाच काय तो खर्च. बाकी सारे घरातले.

आता तारा लावायच्या कशा? जाड तार सा, मधली प, आणि बारीक तार वरचा सा. ज्यांनी तंबोरा पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तंबोऱ्यातही सा आणि प हेच सूर सतत घुमत असतात. म्हणजे या परदेशी वाटणाऱ्या डब्यात आपला तंबोरा आधीच बसलेला आहे.

मुलगा म्हणाला, "आई, गिटारला पडदे असतात, ते कुठे आहेत?" मी पडदे बसवलेच नाहीत. मांडी घालून बसायचे, डबा मांडीवर आडवा ठेवायचा, आणि डाव्या हातात गुळगुळीत लोखंडाचा तुकडा धरून तो बारीक तारेवरून फिरवायचा. मी ह्यांच्या पान्यांच्या पेटीतला एक नळीसारखा सॉकेट पळवला आहे. उजव्या हाताने तार छेडायची. बाकीच्या दोन तारा मोकळ्या वाजू द्यायच्या.

सूर कुठे सापडतात ते मी ब्लाउज शिवायच्या टेपने मोजले. हे हिशेब लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दोन बोल्टांच्या मधली तार बरोबर 24 इंच ठेवली, तर निम्म्यावर, म्हणजे 12 इंचांवर, त्याच्या वरचा सा येतो. वरून 8 इंचांवर प. 6 इंचांवर म. ग 5 इंचांच्या जरासा अलीकडे, रे पावणेतीन इंचांच्या किंचित अलीकडे. ध साडेनऊच्या थोडा पुढे आणि नी सव्वाअकराच्या आसपास. कोमल ग हवा असेल तर 4 इंच, कोमल ध हवा असेल तर 9 इंच. मी या जागांवर नखांना लावायच्या लाल रंगाचे ठिपके दिले आहेत. म्हणजे गळ्याला जे सूर लावायला गुरुजी लागतात, ते टेपने मोजून निम्मे तरी हाती येतात. उरलेले निम्मे कानाने. कान आपल्या सर्वांना आहेत, आणि चांगले तयार आहेत. रेडिओवर दुपारची गाणी ऐकत पोळ्या लाटणाऱ्या बाईचा कान कच्चा कसा असेल?

पडदे नसल्याचा एक मोठा फायदा आहे. आपली गाणी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारीत नाहीत, घसरत जातात. त्याला मींड म्हणतात. पेटीवर मींड निघत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. पेटीवर माझा राग नाही, आपल्या भजनाची शोभाच पेटीने आहे. पण जे पेटीला जमत नाही ते या डब्याला जमते, हे ऐकून डबा करणाऱ्या बाईला धीर येतो, म्हणून सांगितले.

तुम्ही म्हणाल, हे खूळ हिच्या डोक्यात आले तरी कुठून? खूळ माझे नाही. जिथे जिथे माणसाला गाण्याची हौस होती आणि पदरी पैसा नव्हता, तिथे तिथे हे झालेले आहे. अमेरिकेत गेल्याच्या गेल्या शतकात सिगारी लाकडी खोक्यांतून विकल्या जात. खोके रिकामे झाले की गरीब लोक त्याला काठी आणि तार लावीत. तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची चित्रे एडविन फोर्ब्स नावाच्या चित्रकाराने काढली, आणि 1876 च्या त्याच्या एका चित्रात एक सैनिक सिगारच्या खोक्याचे सारंगीसारखे वाद्य वाजवताना दिसतो. पुढे लाइटनिन हॉपकिन्स नावाचा टेक्सासचा मोठा काळा गवई झाला. त्याची पहिली गिटार सिगारच्या खोक्याची होती, आणि ती त्याने लहानपणी स्वतः केली होती. दक्षिण आफ्रिकेत तेलाच्या पत्र्याच्या डब्याची गिटार करतात. आणि दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे म्हणून देश आहे, तिथे कातेउरा या वस्तीत शहराचा कचरा टाकतात. त्या वस्तीतल्या मुलांसाठी कचऱ्यातल्या पत्र्यांची, पिंपांची आणि लाकडांची व्हायोलिने व सेलो केली गेली, आणि ती मुले देशोदेशी जाऊन वाजवून आली. आपल्या शेजारच्या मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडचा वास आपण वर्षानुवर्षे घेतला. 2018 साली ते बंद झाले. पण कचऱ्यातून सारंगी निघू शकते हे आपल्याला कधी कोणी सांगितले नाही.

परदेशाचे कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? मिरजेचे तंबोरे आणि सतारी सगळ्या देशात जातात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तंबोऱ्याचे पोट म्हणजे काय? भोपळा. शेतात उगवलेला, वाळवलेला, आतून पोकळ केलेला भोपळा. सुक्या मेव्याच्या डब्याने त्याच्यापुढे लाजायचे कारण नाही. आणि सासूबाई ज्याला तुणतुणे म्हणतात, ते खरे तुणतुणे तरी काय असते? एक लाकडी पोकळ नळा, खालून चामडे, बाजूला काठी, एक तार आणि एक खुंटी. खंडोबाच्या वाघ्याच्या हातात ते असते, शाहिराच्या मागे उभ्या झीलकऱ्याच्या हातात असते. आपल्याच रेल्वेमार्गावर चार-पाच स्टेशने अलीकडे घाटकोपर आहे. तिथे चिराग नगरच्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहत होते. त्यांनी, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत माणसे गाण्याने जागी केली. पोवाड्याला डफ आणि तुणतुणे पुरते. मोठे वाद्य नाही म्हणून गाणे अडले, असे आपल्या शाहिरांचे कधी झाले नाही.

आणि गणपतीच्या मिरवणुकीत आपल्या गल्लीतून जो बँजो जातो, त्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आपण त्याला बँजो म्हणतो, पण तो बँजो नव्हेच. त्याचे खरे नाव बुलबुल तरंग. त्याचा मूळ पुरुष जपानी आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी 1912 साली ताइशोगोतो नावाचे वाद्य केले. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, म्हणजे ज्याला संगीत शिकणे परवडत नाही त्यालाही वाजवता यावे. ते वाद्य हिंदुस्थानात आले, त्याचे नाव बदलले, मुंबईच्या पोरांनी त्याला वीज जोडली, आणि आज त्याच्यावाचून लग्नाची वरात हलत नाही. ही बँजो पार्टी वाजवते काय? सिनेमाची गाणी. दुसऱ्यांचीच गाणी.

इथे मी मुख्य मुद्द्याकडे येते. मी डब्यावर नवीन काही रचत नाही. गीतरामायणातल्या चाली वाजवते, जुन्या सिनेमातली गाणी वाजवते, आरत्या वाजवते आणि त्याबरोबर गाते. एका सुशिक्षित ओळखीच्या बाई मला म्हणाल्या, "सगळे छान आहे, पण ही गाणी तर दुसऱ्यांची. यात तुमचे असे काय?" त्यांनी वाईट हेतूने विचारले नव्हते. तेव्हा मला चटकन उत्तर सुचले नाही. नंतर दळण निवडता निवडता पुष्कळ सुचले. ते आज सांगते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले. त्यातल्या पदांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांतून घेतलेल्या होत्या. जुन्या नाटकांची पुस्तके उघडून पाहा, पदाच्या डोक्यावर 'चाल' असे छापून पुढे दुसऱ्याच गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. लपवाछपवी नाही. ज्याचे त्याला श्रेय देऊन उघडपणे घेतलेली चाल. आपल्या मंगलाष्टका, डोहाळे, पाळणे यांचेही तेच. बारशाला नव्या बाळाचे नाव घालून आपण जुन्याच चालीवर पाळणा म्हणतो, आणि त्या दिवशी तो पाळणा त्या बाळाचाच असतो.

गिटारचेही असेच आहे. मांडीवर आडवी ठेवून लोखंडाने वाजवायची रीत हवाई बेटांतली. तिचे श्रेय जोसेफ केकुकू या तरुणाला देतात. ती आपल्याकडे आली तेव्हा व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवून तबकड्या भरल्या, आणि लोकांनी त्या घरोघर लावल्या. शब्द नाहीत, गाणारा नाही, तरी ऐकणारा मनात शब्द म्हणत असे. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच गिटारवर राग वाजवले. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची तबकडी निघाली, ती अजून लोक ऐकतात. विश्वमोहन भट्टांना तर 1994 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. उसन्या वाद्यावर उसनी गाणी, इथून आरंभ झाला, आणि गेला कुठल्या कुठे.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. म्हणून तेही विचारून घेतले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने तिकीट न लावता लोकांपुढे गाणे म्हटले तर त्याला मुभा आहे. तेव्हा आपल्या हळदीकुंकवाला कोणी अडवणार नाही. गाणे मुद्रित करून विकणे किंवा मोबाईलवरून जगभर सोडणे ही गोष्ट निराळी, तिथले नियम निराळे. आपल्याला तेवढे लांब जायचे नाही.

पण या सगळ्याहून मोठा पुरावा माझ्या घरातच बसला होता, आणि तो मला डब्याने दाखवला.

माझ्या सासूबाई मावळातल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईत येऊन त्यांना पन्नास वर्षे झाली. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकले नव्हते. मला वाटे, त्यांना गाण्याची आवड नसावी. एका दुपारी मी डब्यावर एक सिनेमाचे गाणे शोधत होते. सूर सापडत नव्हता म्हणून सॉकेट नुसता सा-रे-ग मध्ये मागे-पुढे फिरवीत होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं, ते तसं नाही. शेवटाला खाली उतर." मी उतरले. त्या म्हणाल्या, "आता थांब जरा. दम घ्यायचा असतो तिथं. खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो." आणि त्यांनी जात्यावरची ओवी म्हटली.

मी थक्क झाले. एकामागून एक चालूच. माहेराच्या, भावाच्या, पंढरीच्या, पोटच्या लेकीच्या. मी विचारले, "आई, इतकी वर्षं का नाही म्हटल्यात?" त्या म्हणाल्या, "जातं कुठं होतं? गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. जात्याबिगर ओवी कुणी म्हणतं का?"

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. हाताचे काम गेले आणि त्याच्याबरोबर गळ्यातले गाणेही गेले. दळण सुटले, पाठीचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पहाटे तीनला उठून पायली पायली दळणाऱ्या बाईला पुन्हा जात्यावर बसा असे कोणी म्हणणार नाही. पण कष्टाबरोबर जे सुख होते तेही आपण नकळत देऊन बसलो. पूर्वी बाई गात होती. मग बाई रेडिओ ऐकू लागली. आता कानात ती बोंडे घालून जो तो आपापले ऐकतो, शेजारी बसलेल्याला पत्ता नाही. गाणारी बाई ऐकणारी झाली, आणि ऐकणारी एकटी झाली.

आणि ओवी कोणाची? सासूबाईंना विचारले, "ही तुम्ही रचलीत का?" तर म्हणाल्या, "थोडी माझी, थोडी आत्याबाईची, पहिली ओळ तर सगळ्या गावाची." एकीने म्हणायची, दुसरीने उचलायची, तिसरीने आपल्या भावाचे नाव घालायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी महाराष्ट्राची गावे हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायकांच्या नावांसह, आवाजांसह ऐकायला मिळतात. लाख ओव्या! आणि त्यांतली कुठलीही केवळ एकीची म्हणून सांगता येत नाही. आमच्या त्या सुशिक्षित बाईंना माझे उत्तर हेच आहे. गाणे ज्याने केले त्याचे नाव घ्यावे, त्याला मान द्यावा. पण गाणे उचलून आपल्या गळ्यातून म्हटले की ते आपलेही होते. आपल्या आज्या-पणज्यांनी गाणे सांभाळले ते असेच.

त्या दिवसापासून मी शंभर पानी वही घातली आहे. सासूबाई म्हणतात आणि मी लिहून घेते. आजपर्यंत एकेचाळीस ओव्या झाल्या. त्यांना नाव-गाव कधी आठवते, कधी आठवत नाही, पण डब्यावर सूर धरला की ओवी आठवते. मोबाईलवर आवाजही घेऊन ठेवला आहे. यापुढे किती दिवस मिळतील ते देवाला माहीत. म्हणून मला घाई आहे.

घाईचे दुसरेही कारण आहे, आणि ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. येत्या वर्षात आपली चाळ रिकामी करायची आहे. नव्या इमारतीच्या आशेने आपण सह्या केल्या आहेत, आणि ती आशा खोटी नाही. पण मधली तीन-चार वर्षे कोणी डोंबिवलीला खोली घेणार, कोणी बदलापूरला, कोणी मुलाकडे ठाण्याला जाणार. हा मंडळाचा कोपरा, ही गॅलरी, ही दुपार राहणार नाही. नव्या इमारतीत मंडळाला खोली मिळेल असे कागदावर आहे. पण खोली परत मिळाली तरी मंडळ परत मिळेल का? चार वर्षे न भेटलेल्या बायका परत एकत्र बसतील, त्या कशाच्या धाग्याने? भिशी बंद पडते. हळदीकुंकू ज्याचे त्याच्या दारात होते. पापडाची उन्हे तर टॉवरमध्ये येतच नाहीत.

मला वाटते, तो धागा गाण्याचा असावा. माझी मंडळाला एक सूचना आहे. आपण घरे सोडण्यापूर्वी निदान सहा डबे करू. माझ्याकडे हत्यारे आहेत, मी दाखवीन. लाकडी डबा कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर निघेलच. सागवानी पट्ट्या तर, चाळ पाडायची आहे म्हटल्यावर, आपल्याच जुन्या दारां-खिडक्यांच्या काढू. ज्या चौकटीतून आपण सून म्हणून आत आलो, तिची पट्टी वाद्याला लागली तर वाईट काय? सहाही डब्यांचा सा एकच ठेवू. पेटीवर जी पांढरी पाच म्हणतात, ती आपल्या बायकांच्या गळ्याला सोसते आणि या तारांनाही सोसते. सा एक असला म्हणजे बदलापूरची आणि ठाण्याची कधीही भेटली तरी जुळवाजुळव करावी लागणार नाही. मांडी घातली की वाजवायला सुरुवात.

गुरुवारी दुपारी अडीच ते चार आमच्या घरी बसू. आरंभ आरतीपासून करावा, कारण चाल सर्वांना पाठ आहे आणि चुकले तर देव रागावत नाही. पहिला महिना आवाज मांजरासारखा येईल, हे आधीच सांगून ठेवते. तारेवर लोखंड दाबायचे नाही, नुसते टेकवायचे, एवढे जमायलाच पंधरा दिवस लागतात. बोटांची टोके दुखतात. घरची माणसे हसतात. माझा मुलगा मला मित्रांपुढे 'रॉकस्टार' म्हणतो. म्हणू दे. ह्यांनी पहिल्या आठवड्यात कानात कापूस घातला होता. आता रात्री जेवण झाल्यावर स्वतःच विचारतात, "आज डबा उघडणार नाही का?"

एक विनंती मात्र हात जोडून करते. ज्यांच्या घरी सासूबाई, आजेसासूबाई, आत्याबाई आहेत, त्यांनी गुरुवारी त्यांनाही बरोबर आणावे. "मला काही येत नाही" असे त्या म्हणतील. माझ्या सासूबाईही पन्नास वर्षे तेच म्हणत होत्या. आगरी-कोळी घरांत धवलारिणींची लग्नगीते आहेत, कोकणातल्या घरांत फुगडी-झिम्म्याची आहेत, घाटावरच्या घरांत ओव्या आहेत. एकाच चाळीत आपण एवढे धन घेऊन राहतो आणि एकमेकींना दाखवलेले नाही. त्यांना गा म्हणू नका. त्यांच्यापुढे डबा वाजवा आणि मुद्दाम जरा विचारा, "हे असेच का हो?" त्या आपणहून दुरुस्त करतील.

सामानाच्या टेम्पोत काय चढवायचे आणि काय टाकून द्यायचे याच्या याद्या सध्या घरोघर चालल्या आहेत. कपाट मावत नाही, पाटा-वरवंटा जड आहे, जाते तर केव्हाच गेले. हा डबा कपाटाच्या वर ठेवता येतो, लोकलच्या गर्दीत काखेत धरता येतो, भाड्याच्या खोलीतल्या खिळ्यालाही टांगता येतो. आणि त्याच्याबरोबर जी गाणी येतात त्यांना तर जागाच लागत नाही.

 आता बोलणे पुरे. सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत, मी डबा लावते, आणि त्यांची हरकत नसेल तर पहिली ओवी त्या म्हणतील. दुसरी तुमच्यातल्या कोणीतरी उचलावी.